कोकमाची जाहिरात पुरे, मे महिन्यात पैसे द्या

हिवाळ्यात मुंबई-पुण्याच्या एखाद्या मैदानावर ग्रामीण उत्पादनांचं प्रदर्शन भरलं की सिंधुदुर्गाचा स्टॉल ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. जांभळट लाल सरबताच्या बाटल्या, आमसुलाची पाकिटं, कुळथाचं पीठ, आंबापोळी, फणसपोळी, काजू आणि कोपऱ्यात सावंतवाडीच्या लाकडी फळांची परडी. उद्घाटन होतं, फोटो निघतात, ‘स्थानिकांना बळ द्या’ असं कुणीतरी माइकवर सांगतं. आठ-दहा दिवसांनी उरलेला माल खोक्यांत भरून गावाकडे परत जातो.

या प्रदर्शनांवर राग धरायचं कारण नाही. चार नवी गिऱ्हाइकं तिथे भेटतात. पण स्थानिक उत्पादकाला पाठिंबा देणं म्हणजे त्याच्या मालाची जाहिरात करणं, ही समजूत मंत्रालयापासून सोसायटीच्या महिला मंडळापर्यंत सगळीकडे इतकी मुरली आहे की तिची तपासणीच कुणी करत नाही. सोलकढी माहीत नसलेला मराठी माणूस शोधून काढावा लागेल. कोकमाला ओळख भरपूर आहे. कोकम फोडणाऱ्या बाईकडे जे नसतं ते रोख पैसे, आणि तेही वर्षातल्या नेमक्या सहा आठवड्यांत, एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्या सहा आठवड्यांत जो पैसे देतो तोच मालाचा भाव ठरवतो. बाकीचे सगळे, आपण धरून, डिसेंबरात कौतुक करायला येतात.

त्या सहा आठवड्यांत काय चालतं ते आधी पाहू.

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, झाडावर एकदम पिकत नाहीत, एका झाडाची तीन-चार वेळा तोडणी करावी लागते. तोडलेलं फळ दोन-तीन दिवसांत फोडावं लागतं, नाहीतर ते मऊ पडून आंबतं. फळाच्या वजनात निम्मी साल, उरलेल्या निम्म्यात गर आणि बिया. आमसूल करायचं तर साल वेगळी करून उन्हात घालायची, गराच्या रसात मीठ घालायचं (किलोभर सालीला शंभर ग्रॅमच्या आसपास), त्या रसात संध्याकाळी साल बुडवून ठेवायची आणि सकाळी पुन्हा उन्हात. याला पूट देणं म्हणतात. चार-पाच पुटं बसली की साल काळसर जांभळी, चिवट आणि टिकाऊ होते. एवढ्या खटाटोपातून दहा किलो रातांब्यांमागे किलो-सव्वा किलो आमसूल हाती येतं.

यात ऊन हा कच्चा माल आहे, मिठाइतकाच. तिसऱ्या पुटाला पाऊस आला तर साल पुन्हा ओल धरते, तिच्यावर पांढरी बुरशी येते आणि आठवड्याचं काम उकिरड्यावर जातं. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोचला, आणि त्याआधी चार-पाच दिवस वळवानं झोडपलंच होतं. एरवी ७ जूनच्या सुमाराला येणारा पाऊस दोन आठवडे आधी आला आणि ज्या फळांची शेवटची तोडणी बाकी होती ती झाडाखाली चिखलात गेली. भिजलेलं फळ रस पातळ सोडतं, त्याचं सरबतही नीट होत नाही आणि आमसूलही.

यावरचे उपाय ठाऊक आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ ही जात दिली, जिची फळं पावसाच्या आधी काढणीला येतात. बियांपासून लावलेल्या कोकमात निम्म्याच्या आसपास झाडं नर, म्हणजे फळ न धरणारी, निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. कलम लावलं तर हा जुगार टळतो. पॉलिकार्बोनेटचा किंवा जाड प्लॅस्टिकचा सौर वाळवणी-मांडव असेल तर ढगाळ हवेतही पुटं बसतात. म्हणजे ज्ञानाची कमतरता नाही. पण मांडव घालायचा फेब्रुवारीत, कलम लावायचं जूनमध्ये, साखर भरायची एप्रिलमध्ये, आणि मालाचे पैसे यायचे पुढच्या वर्षी.

हे ‘पुढच्या वर्षी’ फार महत्त्वाचं आहे, म्हणून जरा हिशेब करू. आकडे गोल धरलेत, भाव दरवर्षी हलतात, पण प्रमाण हेच राहतं.

एका बचत गटानं साडेसातशे मिलिलिटरच्या हजार बाटल्या सरबत करायचं ठरवलं. सालीच्या दुप्पट साखर हे घरोघरचं प्रमाण. म्हणजे साखर पावणेआठशे ते आठशे किलो, साल त्याच्या निम्मी, आणि तेवढी साल निघायला रातांबे पुन्हा आठशे किलो. साखर ४४ रुपयांनी धरली तर ३५ हजार, रातांबे ३० रुपयांनी २४ हजार, बाटली-बूच-लेबल-खोकं मिळून १८ रुपयांप्रमाणे १८ हजार, फळं फोडण्याची आणि इतर मजुरी १२-१३ हजार. झाले नव्वद हजार. हे सगळे पैसे मे महिन्यात जातात. आणि सरबत खपतं कधी? पावसाळ्यात कोकम सरबत कुणी पीत नाही. गणपतीला चाकरमानी थोड्या बाटल्या नेतो. खरा उठाव मार्चपासून. म्हणजे दहा महिने पैसा बाटलीत बंद.

हा पैसा दारावर येणाऱ्या फायनान्सवाल्याकडून वर्षाला २४ टक्क्यांनी उचलला तर दहा महिन्यांचं व्याज १८ हजार, बाटलीमागे १८ रुपये. जेवढ्याला बाटली-बूच-लेबल पडलं तेवढंच व्याज. बचत गटाला ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्क्यांनी मिळू शकतं. तेच पैसे तिथून आले तर बाटलीमागे पाच-सव्वापाच रुपये. तेरा रुपयांचा फरक. प्रदर्शनाचा मंडप कितीही सुंदर घातला तरी बाटलीमागे तेरा रुपये तो मिळवून देत नाही. पण ते ७ टक्क्यांचं कर्ज एप्रिलमध्ये हातात पडायला हवं. बँकेचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, एप्रिलमध्ये नव्या उद्दिष्टांचं पत्र यायचं असतं, मेमध्ये शाखाधिकाऱ्याची बदली होते आणि मंजुरी जुलैत येते. जुलैत कोकमाच्या झाडावर पानांशिवाय काही नसतं.

ही पोकळी व्यापारी भरून काढतो. मार्चमध्ये उचल देतो, मीठ-साखर देतो, आणि मे अखेरीस आमसूल आपल्या भावानं, आपल्या तराजूवर, वर ओलीची तूट कापून घेऊन जातो. त्याला शिव्या घालायची आपल्याकडे पद्धत आहे. पण मे महिन्यात दारात रोख घेऊन उभा राहणारा तो एकटाच असतो, हे मान्य केल्याशिवाय पुढची चर्चा व्यर्थ आहे. त्याला हटवायचं नसून त्याच्याशी स्पर्धा करायची आहे, आणि ती फक्त पैशानंच होते.

आमसूल यासाठी फार सोयीचा माल आहे. नीट वाळलेलं आमसूल हवाबंद पिशवीत दोन वर्षंसुद्धा राहतं. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून चालू आहे: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, बाजारभावाच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी घ्यायची, भाव आला की माल सोडवून विकायचा. काजू बी, सुपारी, बेदाणा, हळद अशा मालाला ती लागू आहे. आमसुलालाही तिथे हक्काची जागा हवी. मे अखेरीला, सगळ्यांचा माल एकदम येतो तेव्हा, भाव तळाला असतो. गणपतीच्या आधी तो उठतो. तीन महिने माल धरून ठेवण्याची ताकद एवढाच काय तो व्यापारी आणि उत्पादक यांच्यातला फरक. तारण कर्जानं ती ताकद विकत घेता येते, तीही स्वस्तात.

बियांचंही तेच. कोकमाच्या बीमध्ये जे तेल असतं ते थंड झालं की घट्ट होतं, म्हणून गावाकडे त्याचे मुठीत वळून गोळे करत आणि त्याला मुठेल म्हणत. भेगा पडलेल्या टाचांना दुसरं औषध माहीत नव्हतं. आज तेच ‘कोकम बटर’ होऊन क्रीममध्ये आणि लिपबाममध्ये जातं. फळाच्या वजनाचा पाचवा हिस्सा बिया असतात, आणि बहुतेक गावांत त्या मातीमोल भावानं गोणीत भरून जातात, कारण फोडणीच्या गडबडीत त्या धुऊन वाळवायला हात नसतात. ओली बी चार दिवस ढिगात पडली की बुरशी धरते, तेल खवट होतं आणि चांगला खरेदीदार ती नाकारतो. मे महिन्यात दोन जास्तीच्या मजूर बायका लावायची ऐपत असती तर हे टळलं असतं. पुन्हा मेच.

आता उत्पादकांच्या बाजूनं बोलायची गोष्ट संपवून त्यांच्या विरुद्ध बोलतो, कारण ‘आपल्या माणसाचं आहे, गोड मानून घ्या’ हा पाठिंब्याचा सर्वांत घातक प्रकार आहे. गोड मानून माणूस एकदाच घेतो.

घरगुती सरबताची पहिली तक्रार बाटली फुगण्याची. बूच उघडताना फस्स आवाज होतो, फेस येतो, वास ताडीसारखा. कारण साधं असतं: साखर कमी पडली. फळ-सरबताला नियमानं विरघळलेले घटक किमान ६५ टक्के, म्हणजे ६५ ब्रिक्स हवेत. त्याखाली गेलं की यीस्टला रान मोकळं. पावसाचं फळ असेल तर रसात पाणी जास्त, आणि ‘नेहमीचं माप’ घातलं तरी ब्रिक्स ५८-६० वर येऊन थांबतो. हे जिभेला कळत नाही. हातात धरायच्या, विरघळलेली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकला की कळतं, आणि ते यंत्र कुठल्याही स्मार्टफोनपेक्षा स्वस्त येतं. दुसरं कारण बाटली: धुऊन उलटी न वाळवता तशीच भरली तर तळाशी राहिलेलं चमचाभर पाणी सरबताच्या एका थरात साखर पातळ करतं आणि आंबणं तिथूनच सुरू होतं. दुसरी तक्रार रंगाची. कोकमाचा लाल रंग उजेडानं आणि उष्णतेनं मरतो. काचेची पारदर्शक बाटली दुकानाच्या दर्शनी फळीवर दोन महिने उन्हात राहिली की सरबत विटकरी होतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं जुना माल दिला. लोखंडी भांड्यात उकळलं तर रंग आधीच काळवंडलेला असतो.

मग लेबल. अन्नसुरक्षेची नोंदणी छोट्या उत्पादकाला अवघड नाही. फी वर्षाला १०० रुपये, चौदा आकडी क्रमांक मिळतो, घरच्या स्वयंपाकघराचीही नोंद होते. अडतं ते मजकुरावर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात. सरबतात कोकमापेक्षा साखर जास्त असते, म्हणजे पहिला शब्द ‘साखर’ हवा. तरी बहुतेक लेबलांवर ‘कोकम, साखर, जिरे, मीठ’ असंच असतं, लाजेनं म्हणा की सवयीनं. सोडियम बेंझोएट घातलं असेल तर ‘संरक्षक (आयएनएस २११)’ असं लिहावं लागतं, आणि ते घालूनही वर ‘रसायनविरहित’ छापलं तर तो गुन्हा आहे. बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन, हिरवा ठिपका. आणि ‘पित्तनाशक’, ‘वजन घटवते’ वगैरे दावे काढून टाकावेत. एका मोठ्या दुकानाच्या खरेदी अधिकाऱ्यानं एवढं एक वाक्य पाहून संपूर्ण गटाचा माल परत पाठवावा, हे रोज घडतं, आणि तो बिचारा चूक नसतो.

आमसुलात लबाडी वेगळी. मीठ वाढवलं की वजन वाढतं, ओलसर ठेवलं की आणखी वाढतं. सरबत काढून झालेली साल वाळवून तीच आमसूल म्हणून खपवणारेही आहेत. गिऱ्हाइकानं तपासायला फार विद्या लागत नाही. दोन आमसुलं वाटीभर पाण्यात टाका. पाच-सात मिनिटांत पाणी गडद लाल व्हायला हवं आणि चवीला आंबट आधी, खारट नंतर लागायला हवं. नुसतं फिकट गुलाबी पाणी सुटलं आणि चव गोडूस आली तर ती सरबतातून उरलेली साल. मुठीत दाबून तळहात ओला झाला तर पाण्याचे पैसे मोजलेत.

इथे कुणीतरी जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं, नाव काढतंच. सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम आणि वेंगुर्ल्याचा काजू यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हापूसला २०१८ मध्ये, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये. प्रत्येक वेळी पेढे वाटले गेले. पण मानांकन मिळतं ते नावाला. त्या नोंदवहीचे दोन भाग असतात: पहिल्यात ज्या संस्थेनं अर्ज केला तिची नोंद, दुसऱ्यात अधिकृत वापरकर्त्यांची. गावातली आमसूल करणारी बाई दुसऱ्या भागात स्वतंत्र अर्ज करून शिरत नाही तोवर तिच्या पाकिटावर त्या मानांकनाची खूण कायद्यानं छापता येत नाही. २०२० पासून या अर्जाची फी फक्त १० रुपये आहे. तरी तालुक्यात किती जणींचा अर्ज गेला, असं विचारलं की सभेत शांतता पसरते. कारण अर्जासोबत माल त्याच भागातला आहे आणि ठरलेल्या रीतीनं केला आहे हे दाखवावं लागतं, कागद चेन्नईला जातात, आणि हे काम करून द्यायला गावात कुणी नसतं. एक प्रशिक्षित मुलगी तालुक्याला नेमून वर्षभरात पाचशे अर्ज भरून घेतले असते तर त्या पेढ्यांना अर्थ आला असता.

आणि खूण छापूनही काम संपत नाही. देवगड हापूसच्या नावावर परराज्यातला आंबा वर्षानुवर्षं विकला गेला, मानांकनानंतरही. म्हणून देवगडच्या आंबा उत्पादकांच्या संस्थेनं २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर लावायची, सांकेतिक क्रमांकाची स्टिकरं बागायतदारांना त्यांच्या झाडांच्या प्रमाणात वाटली. गिऱ्हाईक क्रमांक पाठवतो, स्टिकरखालचा दडलेला भाग जुळतो का ते कळतं. यातली खुबी तंत्रज्ञानात नाही, ‘झाडांच्या प्रमाणात’ या शब्दांत आहे. ज्याच्याकडे जेवढी झाडं तेवढीच स्टिकरं, म्हणजे बाहेरचा आंबा आपल्या पेटीत घुसवायची सोय आपोआप आटते. आफ्रिकेतून येणारी काजू बी कोकणात फोडून ‘कोकणचा काजू’ म्हणून विकली जाते, तिथे हाच नियम कधी लागू होतो ते पाहायचं.

सावंतवाडीच्या लाकडी कामाचा हंगाम मे नाही, पण दुखणं तेच आहे. चितार आळीतली ती फळं, पाट, चौरंग, करंडे यांतलं जुनं हलकं काम पांगाऱ्याच्या लाकडाचं. पांगारा मऊ, कोरायला सोपा, वजनाला नगण्य. पण तोडल्यावर त्याला सावलीत महिनोन् महिने वाळवावं लागतं. पावसाळ्यात कोकणच्या हवेत लाकूड अठरा-वीस टक्के ओल धरून बसतं. घाईनं रंगवलेलं तेच फळ पुण्यात एप्रिल महिन्यात कपाटावर ठेवलं की त्याची ओल सात-आठ टक्क्यांवर येते, लाकूड आक्रसतं, देठाजवळ भेग पडते आणि रंगाचा पोपडा निघतो. ‘हल्ली पूर्वीसारखं काम राहिलं नाही’ असं म्हणून माणूस मोकळा होतो. काम तेच आहे, वाळवायला थांबायची ऐपत राहिली नाही. वर्षभर आधी लाकूड घेऊन ठेवायचं म्हणजे वर्षभर पैसा गुंतवायचा. तो नसला की ऑर्डर आल्यावर मिळेल ते लाकूड, मिळेल त्या ओलीचं, कधीकधी आंब्याचं किंवा सरळ प्लायवूड.

या गावाच्या इतिहासातच याचं उत्तर आहे. गंजिफांची, म्हणजे खेळायच्या चित्रमय पत्त्यांची, कला विसाव्या शतकाच्या मध्याला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि १९७१ मध्ये राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू केलं. दशावतारी गंजिफेचा संच १२० पानांचा, दहा अवतारांची प्रत्येकी बारा पानं, सगळी गोल, सगळी हातानं रंगवलेली. राजवाड्यानं त्यासाठी दरबार हॉलमधली बसायची जागा दिली, रंग दिले, नव्या मुलांना शिकवलं आणि मुख्य म्हणजे काम सतत दिलं. चित्रकाराला गिऱ्हाईक कधी येईल याची काळजी न करता महिनाभर एका संचावर बसता आलं. याला आपण ‘राजाश्रय’ असं भारदस्त नाव देतो. रोखीच्या भाषेत त्याला खेळतं भांडवल आणि पक्की मागणी म्हणतात.

खेळण्यांच्या बाबतीत एक कागद मात्र प्रत्येक कारागिराकडे असायलाच हवा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची आहे, आणि त्यासाठीच्या चाचण्यांचा खर्च एका कारागिराच्या आवाक्याबाहेरचा. पण त्या आदेशातून दोघांना सूट आहे: हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेले कारागीर, आणि भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत मालक व अधिकृत वापरकर्ते. म्हणजे या आयुक्तांकडच्या नोंदणीचं, कारागिराचं ‘पहचान’ कार्ड हे नुसतं मेळाव्यात स्टॉल मिळवायचं साधन नव्हे. ते नसेल तर मोठं दुकान कायद्यावर बोट ठेवून माल नाकारू शकतं. सूट म्हणजे बेफिकिरी नव्हे, हेही सांगायला हवं: लहान मूल फळ तोंडात घालतंच, तेव्हा रंगाच्या डब्यावर ‘शिसेविरहित’ लिहिलेलं पाहूनच तो घ्यावा.

‘मग सगळं ऑनलाइन विका’ हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा साडेसातशे मिलिलिटरची काचेची बाटली कुरिअरच्या काट्यावर ठेवावी. सरबत पाण्याहून जड, त्यामुळे आतला माल किलोभर, काच चारशे-साडेचारशे ग्रॅम, फुटू नये म्हणून गुंडाळलेलं सगळं धरून पावणेदोन किलो, आणि कुरिअरवाला दोन किलोचे पैसे घेतो. वर खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतो आणि जो आकडा मोठा तो लावतो. एक बाटली पाठवणं हा आतबट्ट्याचा धंदा. तेच पाव किलो आमसूल चपट्या पिशवीतून निर्धास्त जातं, फुटत नाही, सांडत नाही. घरपोच विकायचं ते आमसूल, काजू, मुठेल. बाटल्या खोक्यानं, एसटीच्या पार्सलनं, शहरातल्या एका दुकानात. हा भेद न करता सगळा माल एका संकेतस्थळावर चढवणारे गट दुसऱ्या वर्षी दिसत नाहीत.

आणि दुकानात ठेवताना बोली काय, ते पाहा. ‘विकलं गेलं की पैसे’ या बोलीवर ठेवलेला माल तुमचाच राहतो, फक्त दुसऱ्याच्या फळीवर. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानं खरेदीदारानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून तर वेळेत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात दाखवताही येत नाही, त्यामुळे मोठी दुकानं आता याला घाबरतात. त्यासाठी उत्पादकाकडे उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, हवी, ती फुकट होते, आणि माल नुसत्या डिलिव्हरी चलनावर न देता विक्रीच्या बिलावर दिलेला हवा. बिलावर उद्यम क्रमांक छापला की निम्मं काम होतं.

पण सगळं सरकारवर आणि कायद्यावर सोडायची गरज नाही. मुंबई-पुण्यातली हजारो घरं मार्चमध्ये हापूसच्या पेटीचे पैसे आधी भरतात आणि पेटी एप्रिल-मेमध्ये येते, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आंब्याला जो विश्वास दाखवतो तो कोकमाला दाखवायला काय हरकत आहे? चाळीस घरांच्या सोसायटीनं घरटी एक किलो आमसूल आणि दोन बाटल्या सरबत एवढी मागणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका गटाला दिली, निम्मे पैसे तेव्हाच दिले, तर गटाची ऐंशी बाटल्यांची साखर व्याजाशिवाय आली. दिवाळीच्या भेटी वाटणाऱ्या कंपन्यांनी ऑक्टोबरऐवजी एप्रिलमध्ये ऑर्डर दिली तर हजार बाटल्यांची. कंपनीला त्यात जास्तीचा एक रुपया जात नाही, फक्त तारीख बदलते.

मागणीचा कागद साधा असावा, पण असावा. माल कोणता, चालू हंगामातलाच, किती किलो, कोणत्या पिशवीत, सरबत ६५ ब्रिक्सच्या खाली नको, बॅच क्रमांक प्रत्येक बाटलीवर, पोच १५ जुलैपर्यंत, पोचल्यावर आठ दिवसांत उरलेले पैसे, फुगलेली बाटली बदलून मिळेल. आणि आणखी एक कलम, जे शहरातल्या माणसाला सुचत नाही. आमसुलाला ऊन लागतं, आगळाला, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाला, लागत नाही. फोडलेली रातांबी सोळा ते वीस टक्के मिठात घालून ड्रममध्ये आठवडाभर रोज ढवळली की आगळ तयार होतो, बाहेर कितीही कोसळू दे. तेव्हा वीस मेच्या आधी पाऊस लागला तर आमसुलाऐवजी तेवढ्या किमतीचा आगळ चालेल, एवढी एक ओळ त्या कागदावर लिहून द्या.